निमाणीची पाटी

आज वाचनालयातला प्रौढांचा वर्ग सुटल्यावर मावशींबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेले. वय साठीपुढचं, भाजीचा धंदा, हिशेब तोंडपाठ. अक्षरओळख मात्र तीन महिन्यांची. (केंद्र सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढचं कुणीही शिकू शकतं, घरात कुणी असेल तर नक्की सांगा.)

ऱ्हस्व वेलांटी त्यांना फार छळते. काढायची अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर, असं का? प्रश्न रास्तच आहे, मला लहानपणी कधी सुचला नव्हता. म्हणून त्या 'नि'ला 'इन' वाचायच्या.

बस आली. पाटीवरचं ठिकाणाचं नाव वाचताना मावशींचं बोट हवेतच फिरलं. "नि... मा... णी. निमाणी! ताई, ही माझीच गाडी!"

इतकी वर्षं दुसऱ्याला विचारूनच चढायच्या. आज कुणालाच विचारलं नाही. खिडकीतून हात हलवत गेल्या. माझे डोळे भरून आले.