वही मागून बघावी

"दादा, रंगरंगोटी मस्त आहे रे!" भाचीच्या सहावीच्या प्रवेशासाठी जिल्हा परिषदेची शाळा बघायला गेलो, तर बहीण भिंतीवरच खूश. डिजिटल बोर्ड, बोलक्या भिंती, हँडवॉश स्टेशन. सगळं झकास.

मी एका सातवीतल्या पोराची गणिताची वही मागून घेतली. उदाहरण चुकलेलं होतं, पण बाईंनी त्यावर फुली मारली नव्हती. तिसऱ्या पायरीला गोल करून शेजारी लिहिलं होतं, "इथपर्यंत बरोबर. चिन्ह परत बघ." खाली त्यानं तेच उदाहरण पुन्हा सोडवलेलं, खाडाखोडीसकट. पोरगं मात्र कानकोंडं झालं होतं, चूक पाहुण्यांना दिसली म्हणून.

शिक्षण हक्क कायदा (२००९) सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना प्रत्येकी निदान एक शिक्षक सांगतो, आणि ३५ मुलांमागे एक. हे हजेरीपटावरून मोजता येतं. वहीतली ती ओळ कुठल्या तपासणीच्या तक्त्यात बसवणार?

बहिणीला वही दाखवली. ती म्हणाली, "ते ठीक, पण बाईंची बदली झाली की?"

आता मला सांगा, चांगली शाळा आहे की चांगल्या बाई?