आठव्या मजल्यावरचा गार रेडिएटर

जानेवारीतली सकाळ. फ्रान्समधल्या व्हिलरबान गावच्या ग्रात-सिएल वस्तीतून तक्रार आली : आठवा मजला, झोपायच्या खोलीतला रेडिएटर (गरम पाण्याने खोली ऊबदार ठेवणारं लोखंडी उपकरण) तापत नाही, बाई एकट्या, वय ८८. हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. मी इथे जुन्या इमारतींच्या हीटिंगची दुरुस्ती करतो.

व्हिलरबान हे गाव लियों शहराला इतकं चिकटलेलं आहे, की मेट्रोतून येताना लियों कधी संपलं ते कळतही नाही. पण वस्ती दीड लाखाच्या वर, महापौर स्वतःचा. इथल्या माणसाला ‘तुम्ही लियोंचे का?’ विचारलं, की तो लगेच चूक सुधारतो. मला त्यांचा हा ताठा आवडतो. कापड, कृत्रिम रेशीम, रंगाई यांच्या कारखान्यांवर वाढलेलं कामगारांचं गाव. १९२४ साली इथे महापौर झाले लाझार गुजों, पेशाने डॉक्टर. दमट, अंधाऱ्या खोल्यांत माणसं आजारी पडणारच, हे डॉक्टराला कोणी सांगायला नको. त्यांनी सुमारे दीड हजार घरांचा अख्खा नवा मध्यभाग उभा केला, तोच हा ग्रात-सिएल. रस्त्याच्या तोंडाशी १९ मजली दोन मनोरे, दुसऱ्या टोकाला नगरपालिका, मध्ये वर जाताना पायऱ्यांसारख्या मागे सरकणाऱ्या इमारती, म्हणजे ऊन सगळ्यांना. १९३४ साली उद्घाटन झालं. मंदीचे दिवस होते, गाव कर्जात बुडालं आणि १९३५ च्या निवडणुकीत गुजों हरले. घरं मात्र राहिली.

बाईंच्या खोलीतला बिडाचा रेडिएटर वरून कोमट, खालून बर्फ. गाळ साचला होता आणि परतीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह जाम. तेल सोडून, हळूहळू मागेपुढे करत तो मोकळा केला. बादलीत पाणी काढलं, शाईसारखं काळं, तळाशी लोखंडाचा चिखल.

बाई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. म्हणाल्या, “मी दोन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. आई रंगाईत कामाला होती. पहिल्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी रेडिएटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहायची. कोळसा नाही, राख नाही. तिला खरंच वाटायचं नाही.” मग विचारलं, “तुमचं घर कसं होतं?”

मी मुंबईतल्या डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत. त्या चाळी १९२० च्या दशकातल्या, त्याही सरकारनेच बांधलेल्या. एक खोली, कोपऱ्यात मोरी, आणि संडास मजल्यावर सामायिक. पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं. आजी आजारी असताना आई तिला धरून तिथवर न्यायची. दहाएक वर्षांच्या अंतराने, तशाच कापडकामगारांसाठी दोन शहरांनी केलेला विचार इतका वेगळा, हे बोलता बोलता माझ्या घशाशी आलं. बाईंनी एवढंच विचारलं, “रात्रीसुद्धा बाहेर?”

वीस मिनिटांत खालचा भाग तापला. बाईंनी वाकून तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

बादली कुठे ओतू विचारलं, तर त्यांनी पॅसेजमधलं एक अरुंद दार उघडून दिलं. घरातला संडास, पहिल्या दिवसापासूनचा. खाली उतरल्यावर आईला फोन लावला. आधी तिला त्या दाराचंच सांगितलं.