बुधवारच्या जेवणाचा अर्ज

बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागात एका चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी चाळीसेक म्हातारी माणसं जेवायला जमतात. जवळजवळ सगळी ऐंशीच्या पुढची आणि आयर्लंडमध्ये जन्मलेली. कुणी मेयोचं, कुणी रॉसकॉमनचं, कुणी डोनेगॉलचं. बेकन, कोबी, कुस्करलेले बटाटे आणि शेवटी कडक चहा. मी मूळची देवरुखची. लेक शाळेत जायला लागल्यावर ही नोकरी धरली. आठवड्याला सोळा तास. हिशेब ठेवायचा, मिनीबसच्या फेऱ्या लावायच्या आणि जो आला नाही त्याला संध्याकाळी फोन करायचा.

दोन वर्षांपूर्वी मिनीबसचा खर्च देणाऱ्या एका ट्रस्टची मुदत संपली. बस थांबली की निम्मी माणसं घरात अडकणार, हे मला दिसत होतं. तेव्हा आमच्या एका विश्वस्तांनी सुचवलं, डब्लिनकडे, म्हणजे आयर्लंडच्या सरकारकडे अर्ज करू. मला आधी कळेचना. इंग्लंडमधल्या एका गल्लीतल्या जेवणाचा खर्च दुसऱ्या देशाचं सरकार का देईल? परदेशी गेलेला माणूस म्हणजे पैसे पाठवणारा, गुंतवणूक करणारा, संमेलनाला देणगी देणारा, असंच मी आजवर ऐकत आले होते. तोच माणूस म्हातारा झाला, आजारी पडला, एकटा उरला तर मायदेशाने त्याच्याकडे बघायचं असतं, ही कल्पनाच मला नवी होती.

मग वाचायला बसले. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंड ५१ लाख वस्तीचा देश. मुंबई शहराच्या निम्म्यानेही नाही. पण १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत तिथून बाहेर गेलेल्यांची संख्या आलेल्यांपेक्षा चार लाखांनी जास्त होती, आणि तेव्हा अख्ख्या देशात तीस लाखही माणसं नव्हती. त्यातली बरीचशी बोटीने इंग्लंडला आली. पुरुष रस्ते, बोगदे, वीजकेंद्रं बांधायला, बायका इस्पितळांत आणि घरकामाला. १९६१ या एका वर्षात या लोकांनी घरी पाठवलेली रक्कम होती सुमारे १ कोटी ३५ लाख पौंड. आयर्लंडचा त्या वर्षीचा प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाचा सगळा खर्च १ कोटी ४० लाखांच्या घरात होता. हा आकडा वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

कारण हे मला घरचंच वाटलं. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं आणि पगार झाला की मनीऑर्डर. कुपनावर दोन ओळी: 'मी खुशाल आहे. गाय व्याली का ते कळवा.' आजीने ती कुपनं डब्यात जपून ठेवली होती. आमच्या घराचा चिरा त्या कुपनांवर उभा राहिला. आजोबा शेवटी खोकत गावी आले, तेव्हा त्यांची विचारपूस घरच्यांनीच केली. बाकी कुणाच्या हिशेबात ते नव्हते.

आयर्लंडला हे ऋण मोजायला उशीर झाला, पण त्यांनी ते मोजलं. स्थलांतरितांबाबतच्या धोरणासाठी नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २००२ मध्ये आला आणि २००४ मध्ये परराष्ट्र खात्याने एमिग्रंट सपोर्ट प्रोग्राम ही परदेशस्थ आयरिश लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देणारी योजना सुरू केली. तेव्हापासून त्यातून जगभरच्या संस्थांना २० कोटी युरोंहून जास्त रक्कम गेली आहे. सांस्कृतिक मंडळं, क्रीडामंडळं, वारसा जपणारे, सगळ्यांनाच त्यात जागा आहे, पण पहिला मान असतो म्हाताऱ्या, एकाकी, अडचणीतल्या माणसांसाठी काम करणाऱ्यांचा. देशात जन्मलेल्या माणसाला शंभरी गाठल्यावर राष्ट्राध्यक्षांकडून पत्र आणि २,५४० युरो मिळतात, आणि २००६ पासून हे परदेशी राहणाऱ्यांनाही लागू आहे. आमच्या केरीच्या आजींचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते हॉलमधल्या प्रत्येकाच्या हातात देऊन परत घेतलं. पैशांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

आता अर्जाबद्दल. पहिल्या वर्षी आम्ही अर्ज केलाच नाही, कारण आमची कागदपत्रं अर्जाच्या लायकीची नव्हती. संस्थेची घटना टाइपरायटरवर लिहिलेली. त्यातल्या विश्वस्तांपैकी तिघे वारलेले. बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकार असलेले एक गृहस्थ आयर्लंडला परत गेलेले. खजिनदार आजारी असल्याने दोन वर्षांचे हिशेब तपासून घ्यायचे राहिलेले. बँकेतली सही बदलायला पाच महिने लागले. तीनदा फॉर्म परत आला. ज्येष्ठ आणि दुर्बल व्यक्तींच्या सुरक्षेचं लेखी धोरण नव्हतं, ते लिहून समितीत मंजूर करून घेतलं. या कामात कुणाचं कौतुक होत नाही, पण सरकारी पैसा मागायचा तर अर्धी लढाई इथेच असते. परदेशातल्या मराठी मंडळांत काम करणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की अनुदानाची जाहिरात निघण्याआधी वर्षभर ही फाइल तयार ठेवा.

दुसऱ्या हिवाळ्यात मी अर्जाचा पहिला मसुदा लिहिला. चाळीस माणसं, गरम जेवण, गाणी, सेंट पॅट्रिक दिन या आयरिश सणाचे फोटो. शहरातल्या दुसऱ्या एका आयरिश संस्थेतल्या अनुभवी बाईंना तो दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "जे येतात त्यांच्याबद्दल सगळं लिहिलंयस. जे येत नाहीत ते कुठे आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग सहा आठवडे मी ते शोधत फिरले. पाद्रीबाबांना विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, सकाळी सहाला उघडणाऱ्या कॅफेत, घोड्यांवर पैसे लावण्याच्या दुकानात. हळूहळू वहीत नावं जमली. एकोणीस. सगळे पुरुष, बहुतेक अविवाहित, भाड्याच्या एका खोलीत राहणारे.

त्यातल्या एका मेयोच्या बाबांबद्दल त्यांना विचारूनच लिहिते आहे. एका दुकानाच्या वर त्यांची खोली. चौथ्या खेपेला त्यांनी दार पूर्ण उघडलं. सतराव्या वर्षी आले, चाळीस वर्षं खणत राहिले, महामार्ग, गटारं, केबलचे चर. त्या काळी बांधकामावर 'लम्प' नावाची रीत होती. मुकादम आठवड्याचे पैसे रोख हातावर ठेवायचा, पुष्कळदा पबमध्येच. कागद नाही, विमा नाही, पेन्शनच्या वर्गणीचा कार्डावर लागणारा स्टॅम्प नाही. त्या वेळी हातात दोन पौंड जास्त पडायचे. म्हातारपणी कळलं की स्टॅम्प नाहीत म्हणजे पेन्शनही तुटपुंजी. त्यावर सरकारची पूरक मदत मिळते, पण त्यासाठी कधी अर्ज केला नव्हता. १९७४ मध्ये या शहरातल्या पबमध्ये बॉम्ब फुटले, एकवीस माणसं गेली, संशय आयरिश लोकांवर आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आयरिश माणूस बसमध्ये तोंड उघडत नसे. सेंट पॅट्रिकची मिरवणूक बंद पडली ती १९९६ मध्ये पुन्हा निघाली. "कचेरीत गेलो तर बोलावं लागतं," बाबा म्हणाले. "बोललो की कळतं मी कुठला."

मग त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत रजिस्टर्ड पोस्टाच्या पावत्या, रबराने बांधलेल्या, वर्षावार. आईला पाठवलेल्या पैशांच्या. मला आजीचा डबा आठवला आणि काय बोलावं ते सुचेना. बाबा म्हणाले, "मत द्यायचा हक्क मला तिथे नाही. पण हे आहे." तेही खरंच आहे. देश सोडून गेलेल्या सामान्य आयरिश माणसाला आजही तिथल्या निवडणुकीत मतदान करता येत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या चांगल्या धोरणातली ती मोठी उणीव आहे.

अर्जाच्या शेवटच्या बैठकीत एक वाद झाला, तो सांगायलाच हवा. आमच्या एका विश्वस्तांनी चिडून विचारलं की २०२५ च्या अर्थसंकल्पात आयर्लंडने परदेशी मदतीला ८१ कोटी युरो ठेवले आणि आपल्याला काही हजारांसाठी एवढी पानं भरावी लागतात. आफ्रिकेला आधी का, आपल्या माणसांना का नाही? प्रश्न मनापासून होता. मी परकी, म्हणून गप्प राहिले. उत्तर दिलं डोनेगॉलच्या आजींनी. त्या इथल्या इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरातला एक मुलगा इथे खणायला आला, एक मिशनरी होऊन झांबियाला शिकवायला गेला. दोघांना पत्रं लिहिणारी आई एकच होती."

त्या रात्री मी आयर्लंडचं २०१९ चं मदतधोरण वाचून काढलं. परदेशी मदत आणि परदेशस्थ नागरिक, दोन्ही एकाच परराष्ट्र खात्याकडे. मदतधोरणात चार गोष्टींना अग्रक्रम आहे: स्त्री-पुरुष समानता, संकटातल्यांची गरज कमी करणं, हवामानबदल आणि चांगला कारभार. पण या चारहींच्या मागे एक सूत्र आहे, सर्वांत मागे राहिलेल्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचायचं. म्हणून पैसा प्रामुख्याने आफ्रिकेतल्या अतिगरीब देशांकडे जातो, आणि आमच्याकडूनच माल घ्या अशी अट त्याला जोडलेली नसते. १९७४ मध्ये हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आयर्लंड स्वतः श्रीमंत नव्हता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के देण्याचं वचन त्यांनी अजून पुरं केलेलं नाही, तेही नोंदवते. पण १८४५ पासूनच्या दुष्काळात दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, त्याची आठवण या धोरणात आहे. त्या दुष्काळात कोलकात्याहूनही सुमारे १४,००० पौंड गोळा होऊन गेले होते. भुकेला शेजार-परदेश नसतो हे त्या देशाने अंगावर शिकलेलं आहे.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमचा अर्जच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. सर्वांत मागे राहिलेले कोण? हॉलमध्ये बसून चहा पिणारे नव्हेत. वहीतले एकोणीस.

मी मसुदा मोडला. मिनीबसचा खर्च अर्जातून काढला. तो आम्ही सोडतीची तिकिटं आणि एका संगीतसंध्येतून उभा करायचं ठरवलं, आणि तेवढा जमलाही. डब्लिनकडे मागितलं ते एवढंच: घरोघर जाणाऱ्या एका कार्यकर्त्याचे आठवड्याला बारा तास, फोन, टॅक्सीभाडं, आणि पेन्शनचे अर्ज भरायला प्रशिक्षण. प्रत्येक रकमेपुढे हिशेब. वर्षअखेर आम्ही काय मोजणार तेही लिहिलं. किती दारं वाजवली, किती उघडली, किती जणांना हक्काचे पैसे मिळाले, किती जण बुधवारी आले. 'आनंद वाढेल', 'जाणीव निर्माण होईल' अशी सगळी वाक्यं मी खोडली. ती खोडताना जीव हळहळला, पण त्यांच्या जागी आकडे आल्यावर अर्ज ताठ उभा राहिला.

मग वाट पाहणं. लंडनच्या आयरिश दूतावासातून एकदा फोन आला. हा कार्यकर्ता एकटाच घरांत जाणार का, त्याच्या सुरक्षेचं काय, दुसऱ्या संस्थेचं काम तुम्ही पुन्हा करत नाही ना, असं विचारलं. आदल्या वर्षी लिहिलेलं धोरण तिथे उपयोगी पडलं. उन्हाळ्यात निर्णय आला. मागितलं होतं त्याच्या पाऊण रक्कम मंजूर. बारा तासांचे नऊ केले आणि काम सुरू केलं. करारावर सह्या, अनुदानाचं वेगळं खातं, प्रत्येक टॅक्सीची पावती.

मेयोच्या बाबांचा पूरक पेन्शनचा अर्ज आमच्या कार्यकर्त्याने त्यांच्याच खोलीत बसून भरला. सात आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. बुधवारी या, असं आम्ही त्यांना दर वेळी सांगत होतो. धर्मादाय जेवण मी घेत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नोव्हेंबरातल्या एका पावसाळी बुधवारी ते टॅक्सीतून उतरले. कोट न काढता दाराशीच उभे राहिले आणि मला विचारलं, "याचे पैसे कोण देतं?"

मी म्हटलं, जेवणाचे आम्ही सगळे मिळून. टॅक्सीचे डब्लिनहून येतात.

त्यांनी थोडा विचार केला. "मग त्यातले थोडे माझेच आहेत," म्हणाले, आणि कोट काढून माझ्या हातात दिला.

वहीत आता सव्वीस नावं आहेत. त्यातली अकरा माणसं बुधवारी येतात. चौघांनी अजून दार उघडलेलं नाही. वर्षाचा अहवाल या महिनाअखेर पाठवायचा आहे आणि टॅक्सीच्या दोन पावत्या सापडत नाहीत, त्या आज रात्री शोधायच्या आहेत.