आडनावातला क्यू

आमच्या आजोबांच्या गोव्यातल्या, पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत 'नाईक'च्या शेवटी 'क्यू-यू-ई' आहे. पोर्तुगीज लिखाणात 'के' जवळजवळ नव्हताच, म्हणून हा क्यू आमच्या आडनावाला चिकटला. १९६१ नंतर शाळेत, रेशनकार्डावर, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर हळूहळू 'के' आला. कुणाचं काही बिघडलं नाही. आम्ही वारसाहक्काची फाईल घेऊन गेलो तेव्हा मात्र खिडकीपलीकडचे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "हे दोघे एकच माणूस कशावरून?"

प्रतिज्ञापत्र, नोटरी, परत प्रतिज्ञापत्र. आठ महिने गेले. तिथल्या बाकावर बसून मी वहीत फाईल काखेत धरलेला एक क्यू काढला. 'क्यू' क्यूमध्ये उभा, त्याच्या शेपटीवर मागच्याचा पाय. ॲनिमेशन फिल्म इथून सुरू झाली. अर्थात एवढ्या कोटीवर पाच मिनिटं निघत नाहीत, हे कळायला आणखी दोन महिने लागले.

पहिल्या खर्ड्यात मी कचेरीचा राक्षस केला होता. फायलींचे दात, जिन्याची जीभ, वगैरे. मित्रांनी "चित्रं मस्त आहेत" म्हटलं. विनोदी फिल्मबद्दल याहून वाईट काय ऐकणार? सगळंच विचित्र असलं की विचित्र काहीच उरत नाही. म्हणून राक्षस काढून टाकला. कारकून साधा ठेवला: चष्मा, चहाचा ग्लास, आवाज गोड. वेडा फक्त एक नियम: 'के'वाले आणि 'क्यू'वाले, दोन्ही आजोबा एकाच वेळी खिडकीवर हजर पाहिजेत. आजोबा बिचारे नियम पाळणारे, म्हणून ते दोन होतात. मग कारकून कौतुकानं बघतो आणि म्हणतो, "दोघांची सही सारखीच कशी?" यापुढचं लिहायला मला फारसं डोकं लढवावं लागलं नाही. नियमच पुढचं सुचवत गेला.

काम ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधल्या ग्रीस पेन्सिल या चित्रं काढायच्या साधनात केलं, फुकट मिळतं म्हणून. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी १२ चित्रं. पाच मिनिटांना ३,६००. नोकरी सांभाळून रात्री हे होणार नव्हतं. वाचवलं ते कारकुनानं. तो मान वर करत नाही, त्या प्रसंगाला ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रांच्या चाचणी-फिल्ममध्ये, मी दोन सेकंद दिले होते. कोणी हसलं नाही. चार केले, तरी नाही. सात सेकंद ठेवले, वर पंखा फिरतोय, पेपरवेटखालचा कागद फडफडतोय, तेव्हा घरातले सगळे हसले. पंख्याची चार चित्रं, तीच फिरवून फिरवून.

आवाजासाठी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांत तीस वर्षं काम केलेले एक काका आले. देवळाच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. पहिल्याच वाक्याला मायक्रोफोनमध्ये आवाज फाटला. आम्ही त्यांना गाद्यांच्या खोलीत, मायक्रोफोनपासून चार हात लांब उभं केलं. शिवाय ते स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त. माझ्या संहितेतलं "उद्या या" वाचून थांबले. "बाबा, 'फाल्यां यो' असं कोण सांगत नाही. उद्या तू आलास तर? 'सायब मीटिंगेक गेल्यात' म्हणायचं. त्याला तारीख नसते." ते वाक्य तसंच ठेवलं. फिल्ममधलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नाही.

शिक्क्याचा आवाज मात्र खऱ्या शिक्क्यानं दिला नाही. तो अगदीच मवाळ निघतो. शेवटी आईच्या पाटावर ओला टॉवेल आपटला.

तयार फिल्म पप्पांना दाखवली. ते सात सेकंदांनाही हसले नाहीत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्या क्यूचा नंबर लागला काय?"

"नाही. त्याच्याआधीच संपते."

"हां," म्हणाले, आणि कपाटातून आमची फाईल काढून पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.