फोन बदलायचा की नाही: माझी पंधरा दिवसांची वही

मोती धावत होता, उजेड जेमतेम उरला होता. मी कॅमेरा उघडला आणि फोन बंद पडला. त्याआधीच्या क्षणी स्क्रीनवर बॅटरी २२ टक्के दिसत होती. घरी येऊन चार्जरला लावल्यावर साहेब उठले आणि काही झालंच नाही अशा थाटात १९ टक्के दाखवू लागले.

मोती म्हणजे आमचा कुत्रा. नाव मोती, रंग कोळशाचा. काळा कुत्रा, संध्याकाळ आणि धावपळ हे तिन्ही एकत्र आले की कुठल्याही कॅमेऱ्याची परीक्षाच असते. माझा कॅमेरा तर परीक्षेला बसायच्या आधीच चक्कर येऊन पडला होता.

त्याच रात्री मी नव्या फोनची माहिती वाचत बसले. कंपनीचं नाव सांगत नाही, तो कुठलाही महागडा फोन असू शकला असता. धाकट्या भावाला विचारलं, तर तो वाटच बघत असल्यासारखा म्हणाला, "ताई, घेऊन टाक गं. किती दिवस ते डबडं ओढणार आहेस?"

"अरे, माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त आहे तो."

"मग हप्त्यांवर घे ना!"

हप्ते अठरा महिन्यांचे होते. तेवढ्यात या फोनचा धाकटा भाऊ बाजारात येऊन जुनाही झाला असता आणि मी मात्र थोरल्याचेच पैसे फेडत बसले असते. तरीही बोट 'खरेदी करा'च्या आसपास घुटमळत होतं, हे कबूल करते.

शेवटी स्वतःलाच एक अट घातली. पंधरा दिवस थांबायचं आणि त्या काळात फोनवर जेव्हा जेव्हा चिडेन, तेव्हा लगेच वहीत लिहायचं: किती वाजता, काय करत होते, काय झालं. 'फोन स्लो आहे' असं मोघम लिहायचं नाही. दुसरी अट होती नव्या फोनचे व्हिडिओ न बघण्याची. ती चौथ्या दिवशी मोडली.

पंधरा दिवसांत ४१ नोंदी झाल्या. १७ बॅटरीच्या किंवा अचानक बंद पडण्याच्या, ९ चार्जिंगची केबल सुटण्याच्या, ६ 'जागा शिल्लक नाही'च्या, ५ अडखळण्याच्या, ३ मोतीच्या बिघडलेल्या फोटोंच्या. एक नोंद 'हातातून पडला' अशी होती, ती फोनच्या नावावर टाकणं अन्यायाचं होतं.

वही समोर ठेवल्यावर एक गोष्ट खटकली. नव्या फोनच्या जाहिरातीत जे जे होतं, त्यातलं माझ्या यादीत जवळजवळ काहीच नव्हतं. तिथे मेगापिक्सेल होते, टायटॅनियम होतं, एआय होतं. इथे केबल सुटत होती.

म्हणून आधी केबल. फोन बंद करून टॉर्च चार्जिंगच्या भोकात मारला. आत काहीच दिसेना, तळ नेहमीसारखाच वाटला. मग लाकडी टूथपिक हलकेच एका कडेने आत सरकवली (पिन किंवा सुई नको, आतले संपर्कबिंदू वाकतात), तर तो 'तळ'च हलला. पावणेचार वर्षं खिशातली आणि पर्समधली लव आत जाऊन बसली होती आणि दर वेळी केबल खुपसून मीच ती ठासत आले होते. बाहेर आली ती राखाडी, नमद्यासारखी घट्ट चकती, पेन्सिलीच्या टोकाएवढी. पाठोपाठ अजून दोन. त्यानंतर केबल लावली तर टक् असा आवाज झाला. तो आवाज मी विसरूनच गेले होते. केबल खराब झाली म्हणून मधल्या काळात मी दोन नव्या केबल आणल्या होत्या, ते भावाला अजून सांगितलेलं नाही.

जागेचं काम कंटाळवाणं निघालं. १२८ जीबीपैकी १२१ भरलेले. त्यात वेगवेगळ्या ग्रुपवर आलेले, मी एकदाही न उघडलेले व्हिडिओच १९ जीबी. ते उडवले, जुने फोटो काँप्युटरवर घेतले. साठवण काठोकाठ भरली की फोन मंदावतो हे अनुभवाने माहीत होतं, कारण नंतर समजलं: फ्लॅश मेमरीत नवं लिहायला मोकळे कप्पे लागतात, ते नसले की आधी सरकवासरकव करून जागा रिकामी करावी लागते. अडखळण्याच्या पाचपैकी बहुतेक नोंदी इथेच निकालात निघाल्या.

आता बॅटरी. सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतली. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, क्षमता ७४ टक्के राहिलीय." म्हणजे फोन ज्याला १०० म्हणत होता ते नव्या बॅटरीच्या जेमतेम पाऊण होतं. पण मग २२ टक्के असताना बंद का पडला? त्याने नीट समजावलं. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडणं म्हणजे प्रोसेसर, सेन्सर, स्क्रीन सगळ्यांनी एकदम हात पसरणं. तेवढा करंट द्यायला गेली की बॅटरीचं व्होल्टेज गडगडतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. टक्के शिल्लक असतात, दम नसतो. हेच टाळायला जुन्या आयफोनचा वेग कमी केला जात होता, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं आणि पुढच्या वर्षी बॅटरी बदलण्याचे दर उतरवले होते. ती बातमी मी तेव्हा वाचलीही होती. स्वतःच्या फोनशी तिचा संबंध जोडायला इतकी वर्षं लागली.

बॅटरीचं आयुष्य चार्ज सायकलमध्ये मोजतात. दोनदा अर्धी-अर्धी वापरली तरी एकच सायकल. बरीच वर्षं ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता हा हिशेब चालत आला. आयफोन १५ पासूनच्या फोनसाठी अ‍ॅपल १००० सायकल सांगतं. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत ८०० सायकलनंतर ८० टक्के ही किमान अट आहे. माझी बॅटरी सायकलींमुळे दमलीच, पण रात्रभर उशीखाली चार्जिंगला ठेवायची माझी सवयही तिला भोवली. उष्णता बॅटरीला लवकर म्हातारी करते.

बॅटरी बदलायचा खर्च नव्या फोनच्या किमतीच्या तिसाव्या भागाहूनही कमी होता. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तोवर नवा फोन मनात भरला होता आणि जुना दुरुस्त होतोय याचं मला जरा वाईटच वाटत होतं.

म्हणून शोरूममध्ये गेले. फोन वायरने टेबलाला बांधलेला, ब्राइटनेस पूर्ण, पडद्यावर अतिनिळा समुद्र. बोट फिरवलं आणि स्क्रीन लोण्यासारखी सरकली. माझ्या फोनची स्क्रीन ६० हर्ट्झची, ती १२० ची. म्हणजे माझ्या फोनवर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, तिथे ८.३ ने. फरक दिसतो, नाही असं नाही. पण त्या लोण्यात दुसरंही काही मिसळलेलं असतं: त्या फोनवर ना माझे अ‍ॅप असतात, ना माझे हजारो फोटो.

घरी आल्यावर भावाने शिकवलेली एक युक्ती केली. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात अ‍ॅनिमेशनचे तीन स्केल असतात, ते १ वरून ०.५ वर आणले. फोनचा वेग त्याने तसूभरही वाढत नाही, फक्त खिडक्या उघडण्या-मिटण्याचा नाच अर्ध्या वेळात उरकतो. पण डोळ्यांना तेवढं पुरतं. शोरूममध्ये जे हवंहवंसं वाटलं त्यातलं निम्मं मला फुकटात मिळालं.

एआयवर फार वेळ घालवला नाही. भावाने फोटोतून मागचा माणूस पुसून दाखवला आणि "बघ!" म्हणाला. गूगल फोटोजचा मॅजिक इरेजर २०२४ पासून सगळ्यांना मिळतो, त्यामुळे तोच माणूस मी माझ्या डबड्यावर पुसून दाखवला. तो थोडा हिरमुसला.

कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र खरा होता. ऑफिसातल्या मैत्रिणीने तोच नवा फोन नुकताच घेतला होता. शनिवारच्या संध्याकाळपुरता मागून घेतला. "पाडू नकोस हं, अजून एकच हप्ता गेलाय," असं दोनदा बजावून तिने दिला. जुन्या फोनला पॉवर बँक जोडून घेतली, म्हणजे तो ऐन वेळी दगा देणार नाही. मग दोन्ही फोन घेऊन मी आणि मोती मैदानावर. उन्हं असताना पाच जोड्या काढल्या, दिवेलागणीला पाच. एका फोनवर एक, लगेच दुसऱ्यावर एक. मोतीला हे सगळं खेळच वाटत होतं.

कुठला फोटो कुठल्या फोनचा हे न सांगता भावाला दाखवले, तेही मूळ फाइल काँप्युटरवर उघडून. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवले असते तर दोन्हीकडचे सारखेच दाबले गेले असते. (आणि माझे निम्म्याहून जास्त फोटो शेवटी तिथेच जातात, हे तेव्हा डोक्यात चमकून गेलं.) उन्हातल्या पाचपैकी तीन वेळा त्याने माझ्या जुन्या फोनचा फोटो 'नव्याचा' म्हणून निवडला. दिवेलागणीच्या पाचही वेळा त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. माझ्या फोटोत मोती म्हणजे काळा फराटा. नव्यात डोळे, कान, जिभेचं टोकसुद्धा.

फोटोची माहिती उघडून पाहिली. जुन्याने एका फोटोला १/२० सेकंद घेतला होता, नव्याने १/६०. यात मेगापिक्सेलचं श्रेय फारसं नाही. २०० मेगापिक्सेलचे कॅमेरेही अंधारात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. श्रेय मोठ्या सेन्सरचं: जास्त उजेड गोळा होतो, म्हणून शटर कमी वेळ उघडं ठेवून भागतं आणि धावणारं कुत्रं पुसलं जात नाही. नाइट मोडही इथे कामाचा नाही, कारण तो एकामागून एक काढलेले अनेक फोटो जुळवतो आणि मोती काही जुळायला थांबत नाही.

म्हणजे नवा फोन चांगला आहे. माझ्या कामाच्या एका गोष्टीत तर खूपच चांगला आहे. हे वहीत लिहिलं आणि मग गेल्या वर्षभराचे फोटो चाळायला बसले. सर्वांत मोठा ढीग कागदांचा निघाला: बिलं, सूचनाफलक, वायफायचे पासवर्ड. त्यानंतर माणसं, बहुतेक दिवसाउजेडी किंवा घरात स्वस्थ बसलेली. संध्याकाळच्या धावत्या मोतीचे फोटो होते ३८. अडतीस फोटोंसाठी महिनाभराचा पगार! एकेका फोटोची किंमत काढली आणि ती वहीत न लिहिता पान उलटलं.

तरी एक गोष्ट पाहायची राहिली होती, आणि खरं तर तीच पहिली पाहायला हवी होती: सिक्युरिटी अपडेट, म्हणजे फोनच्या सुरक्षेतल्या फटी बुजवायला कंपनी पाठवते ते. माझ्या फोनला पाच वर्षांचं आश्वासन होतं. मी पावणेचार वर्षं वापरलाय, म्हणजे सव्वा वर्ष हातात आहे अशा समजुतीत मी होते. पण ही वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतल्या दिवसापासून नाही. मी घेतला तेव्हा तो आठ महिने जुना होता. उरले सात महिने. बँकेचं अ‍ॅप असलेला फोन त्यापुढे फार काळ वापरायची माझी तयारी नाही.

हे कळल्यावर एक दिवस पुन्हा डळमळले. सात महिन्यांनी घ्यायचाच आहे तर आताच का नको? भाऊ अर्थातच याच मताचा. पण गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन द्यायला सुरुवात केली. असा एखादा फोन वर्षभर जुना झाल्यावर घेतला तरी सहा वर्षं हातात राहतात, आणि तोवर त्याची किंमतही उतरलेली असते. मोठा सेन्सर त्याच्यातही असतोच. जुना देऊन नवा घेताना मिळणारी माझ्या फोनची किंमत आज नव्याच्या पंधराव्या भागाइतकी सांगत होते, सात महिन्यांनी ती आणखी थोडी कमी होईल. त्या नुकसानाने माझं काही बिघडणार नव्हतं.

बॅटरी बदलून घेतली. फोन परत देताना सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने बजावलं, "मॅडम, मागचं कव्हर उघडलंय. सील नवं लावलंय, पण आता पाण्यापासून जपा."

पुढचे पंधरा दिवस वही चालूच ठेवली. नोंदी सहा. त्यातल्या तीन मोतीच्या, दोन आता आठवतही नाहीत अशा किरकोळ. सहावी कालची: 'फोनवर बोलताना समोरच्याचा आवाज घोगरा येतो.' त्या नोंदीपुढे मी कंसात लिहून ठेवलंय, आधी जाळी ब्रशने साफ करून बघणे.