उत्तरेचं ऊन

इंटिरिअर रेंडर करतो, म्हणजे न बांधलेल्या घरांची आतली चित्रं कॉम्प्युटरवर बनवतो, म्हटलं की लोक विचारतात, एवढं फर्निचर बनवायला किती वेळ लागतो? फर्निचर आम्ही फारसं बनवतच नाही. सोफे, पडदे, कुंड्या लायब्ररीतून उचलतो. वेळ खातो तो उजेड.

पुण्यातल्या एका टॉवरचं काम होतं. टू बीएचके, हॉल उत्तरेला उघडणारा, पुढे दीड मीटर बाल्कनी, तिच्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब. सीनला पुण्याचे अक्षांश-रेखांश दिले आणि खिडकीतून नुसता आकाशाचा उजेड घेतला. मला हा उजेड फार आवडतो. सावल्यांना धारदार कडा नसतात, कापडाचा पोत कळतो. चित्रकार स्टुडिओची खिडकी उत्तरेला मागतात ते उगाच नाही. भिंतींचा पांढरा रंग 255 वरून 210 च्या आसपास उतरवला. पूर्ण पांढरी भिंत पडेल तो प्रकाश परत फेकते, कोपऱ्यांतला अंधार मरतो आणि खोली प्लास्टिकची दिसते. फॉल्स सीलिंगच्या खाचेतली दिव्यांची पट्टी 3000 केल्विनवर, म्हणजे पिवळसर उजेडावर. उजेड मोजला तर बाहेर हजारो लक्स, आत दोन-तीनशे. डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून एक्स्पोजर आतल्या उजेडाला लावून बाहेरचं आकाश थोडं पांढरं उडू दिलं, खऱ्या फोटोत उडतं तेवढंच.

मार्केटिंगच्या साहेबांचा फोन आला. "रिअल वाटत नाहीये. ऊन टाका."

मी समजावून पाहिलं. पुण्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे जातो तो फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, शून्य सावलीच्या दोन दिवसांमधल्या काळात. तेव्हाही तो जवळपास डोक्यावरच असतो. ऐन जूनमध्ये माध्यान्हीला 85 अंशांवर. त्या स्लॅबखालून तो हॉलमध्ये शिरूच शकत नाही. सकाळ-संध्याकाळी येतो तो भिंतीला घासून, आणि जूनपासून तर पावसाळी ढग आलेले असतात.

"अहो, भूगोल नको. ऊन पाहिजे."

यांचं 'रिअल' म्हणजे हॉटेलांच्या जाहिराती. असो. व्ही-रे या आमच्या रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्य हा शेवटी एक दिवाच. तारीख-वेळेची साखळी सोडवली की माऊसने उचलून कुठेही ठेवता येतो. ठेवला उत्तरेला, 35 अंशांवर. तिरीप थेट सोफ्याच्या पायापर्यंत आली, रेलिंगची सावली फरशीवर पडली. चित्र देखणं झालं, यात वाद नाही.

पुढे साइट ऑफिसमधून तक्रार आली की स्क्रीनवर रंग भडक दिसतात. गेलो तर टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर. आमची मेहनत मातीत घालायला तेवढं एक बटण पुरतं. मी रिमोटशी झटत असताना एक काकू मुलाबरोबर फ्लॅट बघायला आल्या होत्या. त्या स्क्रीनसमोर थांबल्या.

"बाळा, हे देवघर ईशान्येला ना?"

"हो काकू, सगळं वास्तूप्रमाणे," सेल्सचा मुलगा खुशीत म्हणाला.

"मग ही बाल्कनी उत्तरेला. एवढं ऊन कुठून आलं रे?"

"ते... आर्टिस्टिक आहे, काकू."

"मला तुळस ठेवायचीय, म्हणून विचारते."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, की उन्हाळ्यात सकाळी थोडं ऊन मिळेल, तेही कडेने. एरवी नाही. उजेड मात्र दिवसभर चांगला असेल. काकूंनी मान हलवली आणि मेंटेनन्स किती ते विचारलं.

घरखरेदीदारांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई किंवा पैसे परत मागता येतात. कार्पेट एरियावरून लोक भांडतात, उन्हावरून भांडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. खरं तर ऊनही तेवढंच मोजता येतं. अक्षांश, दिशा आणि स्लॅबची लांबी द्या, माझं सॉफ्टवेअर वर्षभराचा हिशेब मांडून दाखवेल. तो हिशेब आमच्याकडे कोणी मागत नाही. मागतात ती तिरीप, आणि चित्राखाली बारीक अक्षरांत 'कलात्मक चित्रण' लिहिलं की सगळे निर्धास्त.

संध्याकाळी साहेबांचा मेल आला: "ऊन राहू द्या. देवघर काढा."

देवघराचा लेयर बंद करायला क्षणही लागत नाही. पण आतल्या पिवळ्या दिव्याचा उजेड शेजारच्या भिंतीवर आणि फरशीवर पडलाय, म्हणजे सगळा व्ह्यू पुन्हा रेंडरला लावावा लागणार. त्याचे पैसे वेगळे होतील, एवढंच मी उत्तरात कळवलंय.