कस्टम हाउसच्या गल्ल्यांतले रायडर

पूर्व लंडनमधल्या कस्टम हाउस स्टेशनवर एलिझाबेथ लाइनची गाडी थांबली की जवळजवळ सगळा डबा रिकामा होतो आणि गर्दी दक्षिणेला, एक्सेलच्या प्रदर्शन केंद्राकडे वळते. मला जायचं होतं उत्तरेला. तिकडे पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर दाखवायला फक्त पाट्या होत्या. विल्किन्सन रोड, यंग रोड, अॅटकिन्सन रोड, क्रूम्ब्स रोड, लॉसन क्लोज, हॉस्किन्स क्लोज. विटांची साधी घरं, दारात गाड्या, कचऱ्याचे चाकांचे डबे. पण ही सगळी नावं मोटारसायकल स्पीडवेवाल्यांची आहेत, आणि जिथे ही वस्ती उभी आहे तिथेच १९७२ पर्यंत वेस्ट हॅम स्टेडियम होतं. त्या मैदानावर वेस्ट हॅम हॅमर्स हा संघ धावायचा. फुटबॉलचा वेस्ट हॅम वेगळा, त्याचं मैदान वेगळं.

स्पीडवे आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून आधी थोडं त्याबद्दल. लांबट गोल ट्रॅक, त्यावर मुरुमासारखी भुरभुरीत खडी. एका शर्यतीत चार रायडर, चार फेऱ्या, आणि खेळ जेमतेम मिनिटभराचा. पाचशे सीसीची गाडी मिथेनॉलवर चालते, तिला गियर एकच आणि ब्रेक नाहीच. वळण आलं की रायडर मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवतो, पुढचं चाक उलट्या दिशेला वळवतो आणि डावा पाय जमिनीवर टेकवून गाडी जवळजवळ आडवी करून काढतो. त्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. दोघे एका संघाचे, दोघे दुसऱ्या. म्हणजे स्वतः पुढे जायचं आणि आपल्या जोडीदारालाही वाट करून द्यायची.

मी हे पहिल्यांदा पाहिलं मँचेस्टरला, बेल व्ह्यूच्या मैदानावर. वळणावरच्या कठड्याला टेकून उभा होतो. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फिती वर गेल्या, चार गाड्या अंगावर आल्यासारख्या आल्या आणि दुसऱ्या क्षणी ओल्या खडीचा सपकारा जॅकेटवर बसला. दाताखाली कचकच. शर्यत संपली तरी हातापायात थरथर होती. जोर लावायला ब्रेक नाही, मग मन लावतात तरी कशावर, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. त्या ओढीनेच जुने रायडर शोधत कस्टम हाउसला आलो.

हे स्टेडियम १९२८ साली उघडलं. आर्चिबाल्ड लीच या मैदानं बांधणाऱ्या नामवंत अभियंत्याने ते उभारलं, आणि त्यात लाखावर माणूस मावेल असं म्हणत. फुटबॉलला ते लाभलं नाही. थेम्स नावाचा क्लब इथे खेळायचा. ६ डिसेंबर १९३० ला त्यांच्या सामन्याला या अवाढव्य मैदानात ४६९ प्रेक्षक आले होते! आणि तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया स्पीडवे कसोटीला याच मैदानात ऐंशी हजारांच्या वर लोक दाटले. गोदीत दिवसभर पोती वाहिलेला माणूस संध्याकाळी इथे यायचा. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीला जी गर्दी लोटते, तिच्या अंगात जे चढतं, ते मनात आणा. वेस्ट हॅमच्या शर्यतींचा वार मंगळवार.

विल्किन्सन रोडवर मी बराच वेळ होतो. आर्थर विल्किन्सन, सगळे त्याला ब्लूई म्हणत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा, बाथर्स्टमध्ये वाढलेला. १९३६ साली वेम्बलीवर स्पीडवेची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतिम रात्री प्रत्येकाच्या पाच शर्यती. ब्लूईने पाचही जिंकल्या, आणि तरी तो तिसरा आला. कारण आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण त्या रात्रीच्या गुणांत मिळवले जात होते. विजेता ठरला लायोनेल व्हान प्राग. नियम सगळ्यांना सारखाच होता हे खरं, पण एकदाही न हरलेला माणूस तिसरा ठरवणारा नियम मला आजही पटत नाही. पुढच्या वर्षी ब्लूईच्या वेस्ट हॅमने नॅशनल लीग जिंकली. १९३८ ला तो पुन्हा वेम्बलीच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलेलं होतं. तशा खांद्याने हँडल धरून त्याने जगज्जेतेपद घेतलं. त्यानंतर त्याने शर्यती सोडल्या. दोन वर्षांनी सिडनीत, साध्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. वय २८. ट्रॅकवर ब्रेक नसलेली गाडी त्याने इतकी वर्षं सांभाळली होती.

पुढे यंग रोड. जॅक यंग अॅडलेडचा. १९५१ साली तो जगज्जेता झाला तेव्हा एडिनबरोकडून खेळत होता, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतून. दुसऱ्या श्रेणीचा रायडर जगात पहिला, असं तोवर घडलंच नव्हतं. वेस्ट हॅमने त्याच्यासाठी ३,७५० पौंड मोजले, त्या काळी ही रक्कम विक्रमी होती. आणि त्याने १९५२ ला पुन्हा अजिंक्यपद जिंकलं. दोनदा जगज्जेता होणारा तो पहिला. ऑब लॉसनही ऑस्ट्रेलियाचाच, युद्धानंतरच्या वर्षांत इथे धावला. टॉमी क्रूम्ब्स आणि आर्थर अॅटकिन्सन १९३७ च्या विजेत्या संघातले.

हॉस्किन्स क्लोजचे जॉनी हॉस्किन्स मात्र रायडर नव्हेत, ते संघ चालवायचे. मूळचे न्यूझीलंडचे. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडला १९२३ मध्ये त्यांनी जत्रेच्या मैदानात मोटारसायकली पळवल्या, तिथून हा खेळ रुजला असं मानतात. लोकांना रमवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. डोक्यावरची हॅट काढून घ्यायची आणि मैदानात सर्वांसमोर पेटवायची, हा तर त्यांच्या संध्याकाळचा ठरलेला कार्यक्रम.

यंग रोडच्या कोपऱ्यावर एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. मी पाटीचा फोटो काढतोय हे बघून थांबले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते इथे यायचे. त्यांना गुण आठवत नव्हते, कोण जिंकलं तेही नाही. वास आठवत होता. त्या काळी इंजिनात एरंडेलापासून केलेलं रेसिंगचं तेल घालत, ते जळलं की गोडसर धूर सुटायचा, आणि तो घरी जाईपर्यंत कोटाला असायचा. इंजिनं जेएपीची, इथल्याच टॉटनहॅमची. पुढे त्यांची जागा चेकोस्लोव्हाकियाच्या इंजिनांनी घेतली, जावाच्या. जावा म्हटल्यावर मला आमच्या काकांची गाडी आठवली आणि मी आजोबांना तिच्याबद्दल सांगत बसलो. त्यांनीही सगळं मन लावून ऐकलं.

१९५५ नंतर इथला स्पीडवे बंद पडला होता, १९६४ ला पुन्हा सुरू झाला. लगेच पुढच्या वर्षी, नव्याने निघालेल्या ब्रिटिश लीगच्या पहिल्याच हंगामात, वेस्ट हॅमने लीगही जिंकली आणि नॉकआउट कपही. कर्णधार केन मॅकिनले, जोडीला नॉर्वेचा स्वेरे हारफेल्ट आणि कोवळा माल्कम सिमन्स. हारफेल्ट १९६६ ला जगात दुसरा आला. सिमन्सनेही पुढे, १९७६ ला, तोच क्रमांक मिळवला.

आणि मग १४ जुलै १९७०. वेस्ट हॅमच्या नावाने हॉलंडच्या दौऱ्यावर गेलेला चमू मिनीबसमधून परतत होता. त्यात दुसऱ्या संघांतून बरोबर घेतलेले रायडरही होते. बेल्जियममध्ये लोकेरेन इथे बस पेट्रोलच्या टँकरवर आदळली. पीटर ब्रॅडशॉ, माल्कम कारमायकल, गॅरी एव्हरेट, मार्टिन पिडॉक हे चार रायडर गेले. बसचा चालक गेला. व्यवस्थापक फिल बिशपही गेले. बिशप युद्धाआधी स्वतः रायडर होते आणि इतक्या वेळा पडले की लोक त्यांना अपघातांचा राजा म्हणत. ट्रॅकवरच्या सगळ्या आपटण्यांतून ते सुखरूप उठले होते.

कॉलिन प्रॅट वाचले, पण मान मोडली. रायडर म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच संपली. तरी त्यांनी खेळ सोडला नाही. पुढे कित्येक वर्षं कॉव्हेंट्रीचा संघ त्यांनी सांभाळला. २०२१ साली ते गेले. कॉव्हेंट्रीचं ब्रँडनचं मैदान त्याआधीच, २०१६ च्या हंगामानंतर, शर्यतींना बंद झालं होतं. लंडनमधल्या हॅकनीच्या स्पीडवे मैदानावर २०१२ च्या ऑलिंपिकचं पत्रकार केंद्र उभं राहिलं. तिथल्याच विम्बल्डनचा संघ २००५ ला मिटला. लंडनचा स्पीडवे असा एकेक करून गेला आहे.

अपघातानंतर दोन वर्षांतच वेस्ट हॅम स्टेडियम पाडलं आणि ही घरं आली. जगज्जेत्यांना आणि संघ घडवणाऱ्यांना पाट्या मिळाल्या, ते योग्यच झालं. पण लोकेरेनला गेलेल्यांपैकी एकाचंही नाव मला त्या गल्ल्यांत दिसलं नाही. प्रत्येक वळणावर थांबून, पाटी वाचून मी शोधत होतो. कस्टम हाउसमध्ये सध्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचं काम चालू आहे. नवे रस्ते होतील, त्यांना नावं लागतील. ब्रॅडशॉ, कारमायकल, एव्हरेट, पिडॉक, बिशप ही पाच नावं त्यात घ्यावीत, असं पत्र मी न्यूहॅम कौन्सिलला लिहिलं आहे. पूर्व लंडनात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला पटत असेल तर त्यांनीही लिहावं.